कापलेल्या कडांचा वेताळ

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पाचजण एकाच्या घरी जमतो. जेवणाचे टेबल पुसून कोरडे केले जाते, चहाचे कप मुद्दाम दूरच्या तिपाईवर ठेवले जातात, आणि मग टेबलाच्या एका बाजूला ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एखादा अंक व दुसऱ्या बाजूला तीच कथा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी जशी छापून आली होती त्या मूळ पट्ट्यांचे पुनर्मुद्रण, अशी दोन्ही उघडून आम्ही एकेक चौकट ताडून पाहतो. कोणती चौकट वगळली, कोणती कडेने कापली, कोणत्या संवादाच्या फुग्यातला मजकूर आखडला, कोणाचे नाव बदलले, याची नोंद एका जाड वहीत होते. घरच्यांच्या दृष्टीने हा साठीनंतरचा पोरखेळ आहे. माझे आयुष्य एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले असल्यामुळे मला मात्र हे काम नोकरीचाच पुढचा भाग वाटते. फरक इतकाच की इथे चूक सापडली की आनंद होतो आणि कोणी ओरडत नाही.

विषय अर्थातच वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक. माझ्या पिढीच्या मराठी मुलांना तो भेटला तो पुस्तकातून. रंगीत मुखपृष्ठ, मधोमध दोन पिना, आणि दादाचे वाचून होईपर्यंत शेजारी बसून उलट्या बाजूने डोकावण्याची माझी शिक्षा. एका अंकात कथा सुरू होऊन त्याच अंकात संपत असे, त्यामुळे ती कोणीतरी एका बैठकीत लिहून, कोणीतरी एका दमात काढून दिली असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. ती मुळात वर्तमानपत्रातली चित्रपट्टी आहे, म्हणजे सातासमुद्रापार कोणीतरी रोज सकाळी तिचे तीन घास खात होते आणि पुढच्या घासासाठी उद्यापर्यंत थांबत होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. ‘हर्मीस प्रेस’ या अमेरिकन प्रकाशनाने २०१० पासून दैनिक पट्ट्यांचे क्रमवार खंड काढायला सुरुवात केली, त्यांतला पहिला खंड आमच्यातल्या एकाने परदेशातल्या मुलाकडून मागवून घेतला, आणि त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यातले महिना-तारखेचे इवलेसे आकडे प्रथम पाहिले तेव्हा मी बराच वेळ फक्त तेच वाचत बसले होते. आमच्या लहानपणच्या अंकांना असा कोणताही वार नव्हता.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखक ली फॉक. जन्म १९११ चा, सेंट लुइसचा. ‘किंग फीचर्स सिंडिकेट’ या संस्थेसाठी त्याने ११ जून १९३४ रोजी जादूगार मँड्रेक सुरू केला आणि त्याला वाचक मिळाल्यावर १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळ. सोमवार ते शनिवार काळी-पांढरी दैनिक पट्टी. २८ मे १९३९ पासून रविवारची रंगीत पट्टी, आणि तिची कथा दैनिकाहून अगदी वेगळी. म्हणजे एकाच वेळी दोन कथा दोन वाटांनी चालत. जगभरचे अभ्यासू वाचक दैनिक कथांना आणि रविवारच्या कथांना वेगवेगळे अनुक्रमांक देतात ते याचसाठी, आणि आमच्या वहीतही डाव्या समासात ‘दै.’ आणि ‘र.’ अशी अक्षरे आहेत. फॉक १३ मार्च १९९९ रोजी वारला तोपर्यंत लिहीतच होता. एका माणसाने एकच गोष्ट त्रेसष्ट वर्षे रोज थोडी थोडी सांगितली, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे पुष्कळ काही उलगडते.

उदाहरणार्थ, पहिलीच कथा घ्या. तिच्यात जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी, रंगेल तरुण येतो, आणि सुरुवातीच्या पट्ट्या वाचताना स्पष्ट जाणवते की मुखवट्यामागचा माणूस हाच निघणार. फॉकचा बेत तसाच होता. पण कथा चालू असतानाच त्याने मन बदलले, मुखवटा जंगलात नेला, चारशे वर्षांची परंपरा, कवटीची गुहा आणि बापाकडून मुलाकडे जाणारी शपथ असा सगळा पसारा उभा केला, आणि बिचारा जिमी वेल्स कथेत नुसता लोंबकळत राहिला. कादंबरीकाराने दुसऱ्या खर्ड्यात मागे जाऊन हे पात्र पुसून टाकले असते. रोजच्या पट्टीला मागे जाता येत नाही. काल छापलेले लाखो घरांत पोहोचलेले असते. चित्रपट्टी वाचण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, की लेखकाचे विचार बदलल्याची खूण पानावर तशीच उघडी राहते, आणि ती सलग, तारखेनुसार वाचणाऱ्यालाच दिसते.

आता आपल्याकडचा अंक. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. त्याआधी १९४०च्या दशकातच ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवर वेताळ भारतात आला होता, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. ‘इंद्रजाल’ने तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत नेला. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आली आणि १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरतींचा ‘बहादूर’ हा देशी नायक आला. १९९० मध्ये प्रकाशन थांबेपर्यंत एकूण ८०३ अंक निघाले. आधी सलग क्रमांक, पुढे खंड आणि अंक असा क्रम, त्यातून भाषेगणिक निराळी संख्या. या गोंधळामुळे जुने अंक जमवणाऱ्यांची निम्मी बोलणी ‘तुमचा कितवा?’ या प्रश्नातच जातात. मला स्वतःला आकड्यांच्या या शर्यतीत रस नाही. सगळे ८०३ जमवून कपाटात कुलूपबंद ठेवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना एखादी कथा विचारली की ते मुखपृष्ठाचे वर्णन करतात. मुखपृष्ठे सुंदर होती यात वाद नाही. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली मुखपृष्ठे आतल्या छपाईपेक्षा कितीतरी सरस असत. पण आत काय झाले आहे ते पाहायचे नसेल तर मग कॅलेंडरेच जमवावीत.

आत जे झाले आहे ते असे. रोजची पट्टी आडवी, पुस्तकाचे पान उभे. त्यामुळे पट्ट्या कापून, चौकटी सुट्या करून, त्या पानावर पुन्हा मांडाव्या लागत. समजा, एक दैनिक कथा सोळा आठवडे चालली. आठवड्याला सहा पट्ट्या, पट्टीत तीन चौकटी, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी चौकटी झाल्या. कथेला तीस पाने मिळाली आणि पानावर सहा चौकटी बसवल्या तरी एकशे ऐंशीच मावतात. उरलेल्या शंभरांहून अधिक कुठे गेल्या? कात्रीखाली गेल्या. आमची वही ही त्या कात्रीची जमाखर्च-वही आहे, असे आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात.

सुरुवातीला आम्ही फार रागावलो होतो. आपल्याला लहानपणी अर्धेच वाढले गेले, अशी काहीशी भावना होती. पण वही भरत गेली तसा राग निवळला, कारण वगळलेल्या चौकटींचे दोन प्रकार आहेत हे दिसू लागले. रोजच्या पट्टीला काल पेपर न वाचलेल्या माणसालाही सांभाळून घ्यावे लागते. म्हणून पहिल्या चौकटीत कालच्याची उजळणी असते, मधली चौकट कथा एक पाऊल पुढे नेते आणि शेवटची चौकट उद्यासाठी गाठ मारून ठेवते. एकेक दिवसाने वाचताना ही चाल बेमालूम वाटते. पुस्तकात सलग वाचताना मात्र कीर्तनकाराने दर दोन मिनिटांनी ‘तर मंडळी, मी कुठे होतो’ म्हणावे तसे होते. ‘इंद्रजाल’च्या संपादकांनी या उजळणीच्या चौकटी काढून टाकल्या हे उत्तम केले, एखाद्या चांगल्या मुद्रितशोधकाने द्विरुक्ती काढावी तितके सफाईदार ते काम आहे.

दुसऱ्या प्रकारची कापणी मात्र खटकते. वेताळ जंगलातून एकटा चालला आहे, काही घडत नाही, कोणी बोलत नाही, अशा निःशब्द चौकटी कात्रीला सर्वांत आधी बळी पडत. कथेच्या हिशेबात त्या बिनकामाच्या. पण रात्र त्यांच्यातच होती. मूळ पट्ट्या पाहिल्यावर माझ्या प्रथम लक्षात आले ते हे, की हा माणूस माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त चालतो.

नावांची कापाकापी हा आणखी एक निराळाच विषय. फॉकच्या सुरुवातीच्या कथांमध्ये वेताळाचा प्रदेश ‘बेंगाली’ नावाचा होता, समुद्री लुटारूंची टोळी ‘सिंग’ नावाची होती, आणि विसाव्या वेताळाचा, म्हणजे आपल्या वेताळाच्या वडिलांचा, दगाबाजीने खून करणारा लुटारू ‘रामा’ नावाचा होता. भूगोल धूसर होता. आशियाचे वाघ आणि आफ्रिकेचे सिंह एकाच जंगलात सुखाने नांदत, आणि पुढे फॉकने हा देश आफ्रिकेत नेऊन ‘बंगाला’ केला. भारतात ही नावे जशीच्या तशी छापणे कोणालाही शक्य नव्हते. तेव्हा ‘इंद्रजाल’मध्ये देश झाला ‘डेंकाली’, लुटारू झाले ‘सिंगा’ आणि खुनी झाला ‘रामालू’. गंमत म्हणजे पहिल्याच अंकाची कथा नेमकी हीच होती: बापाचा खुनी बापाचाच कमरपट्टा बांधून हिंडताना मुलाला दिसतो, ती. म्हणजे संपादकाच्या टेबलावर पहिल्या दिवशी आलेला पहिला प्रश्न ‘या खुन्याचे नाव काय ठेवायचे’ हाच असणार. आमच्या गटातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक या बदलांना ‘सेन्सॉरगिरी’ म्हणतात. मला तसे वाटत नाही. अवघ्या दोन-तीन अक्षरांच्या फेरफाराने कोणाचे मन न दुखावता कथा शाबूत ठेवणे ही कारागिरी आहे, आणि ‘डेंकाली’ हा शब्द तर इतका बेमालूम जमला आहे की आजही नकाशावर तो दिसत नाही याचे मला किंचित आश्चर्य वाटते.

पण या सगळ्या नामांतरांत मला सर्वांत आवडते ते नायकाचे. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ झाला, आणि आपल्याकडे ‘वेताळ’. हे नाव मराठीत योजताना कोणी किती विचार केला असेल ते सांगण्यासारखा काही कागद आमच्या हाती लागलेला नाही, परंतु त्याने जे साधले ते मूळ इंग्रजीला कधीच साधले नसते. इंग्रजीतला शब्द नुसता आभासाचा, छायेचा आहे. त्याला गाव नाही, देऊळ नाही, कोणी नैवेद्य दाखवत नाही. आपला वेताळ भुतांचा राजा असला तरी गावाचा राखणदारही आहे. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर त्याचे देऊळ आहे. गोव्यात तो बेताळ होऊन गावोगाव उभा आहे आणि बेतालभाटी या गावाचे तर नावच त्याच्यावरून पडले. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबा आहे, त्याला भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे.

आता हे फॉकच्या नायकाशी जोडून पाहा. इंग्रजीत त्याची जी ठरलेली उपाधी आहे तिचा अर्थच मुळी ‘चालते भूत’ असा आहे. तो मरत नाही असे जंगलातल्या लोकांना वाटते, तो रात्री फिरतो, दुर्बळांची राखण करतो, दुष्टांच्या जबड्यावर कवटीची खूण उठवतो. सेंट लुइसच्या त्या माणसाने आरवली ऐकली असण्याचा संभव शून्य, तरीही माझ्या आजीने दादाच्या हातातला अंक पाहून ‘हा आपल्या वेतोबासारखा, फक्त अंगाला घट्ट कपडे कशाला घालतो’ असे म्हटले होते ते आमच्या घरात अजून सांगितले जाते. आजीचे माहेर आरवलीशेजारच्या शिरोड्याकडचे. वगळलेल्या चालण्याच्या चौकटींबद्दल माझा जो राग आहे त्याचे मूळ बहुधा तिथेच आहे. वेतोबाच्या वहाणा झिजल्या नाहीत तर त्याला वेतोबा का म्हणायचे?

आमच्या बैठकीत खरी भांडणे होतात ती चित्रकारांवरून. पहिला रे मूर. तो आधी मँड्रेकचे चित्रकार फिल डेव्हिस यांचा साहाय्यक होता. त्याचा वेताळ गडद सावल्यांचा, थोडा भीतिदायक, आणि त्याच्या स्त्रिया तीसच्या दशकातल्या चित्रपटांतून उतरून आल्यासारख्या. महायुद्धाच्या काळात मूर सैन्यात गेला आणि त्याचा साहाय्यक विल्सन मॅकॉय पुढे आला. त्याची रेघ साधी, ठोकळेबाज, माणसे लाकडी बाहुल्यांसारखी ताठ. १९६१ मध्ये मॅकॉय वारल्यावर, मधले थोडे दिवस सोडता, साय बॅरीने पट्टी हाती घेतली ती १९९४ पर्यंत सोडली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जो वेताळ उभा राहतो, रुंद खांद्यांचा, रेखीव जबड्याचा, तो बॅरीचा. आमच्या गटातला सर्वांत धाकटा सभासद, तो पन्नाशीचा आहे, बॅरीशिवाय कोणाला मानतच नाही. काका मूरचे भक्त. मॅकॉयला वाली नाही, म्हणून मी त्याची बाजू घेते, आणि केवळ विरोधासाठी नव्हे. मॅकॉयची चित्रे सुटी पाहिली तर हसू येते हे खरे. परंतु वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर, दोन बोटे उंचीच्या चौकटीत, शाई पसरलेली असताना कोणाची चित्रे वाचता येत होती, असे विचारले तर उत्तर मॅकॉय हेच येते. मूरच्या सावल्यांचा अशा छपाईत चिखल होतो. चित्र कशावर छापले जाणार आहे हे जाणून काढणे, याला छापखान्यात आम्ही अक्कल म्हणत असू.

या भांडणांना कधी निकाल लागायचा नाही, पण एक गोष्ट त्यांतून शिकायला मिळाली. भांडायचे तर मूळ पट्टी समोर हवी. आणि मूळ पट्टी टिकली आहे ती कोणामुळे? वर्तमानपत्रांनी जपली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने काल म्हणजे रद्दी. ग्रंथालयांनी जपली होती, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जागा वाचवण्यासाठी जुन्या दैनिकांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि बांधीव खंड टाकून द्यायला सुरुवात केली. मायक्रोफिल्म काळी-पांढरी, तिच्यात रविवारच्या रंगीत पानांची काय दशा होत असेल याची कल्पना करावी. अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका वेड्या गृहस्थाने १९६८ मध्ये एक संस्था स्थापन केली, आणि ती ‘संस्था’ म्हणजे मुख्यतः त्याचे राहते घर होते. ग्रंथालये टाकून देत होती ते खंड तो उचलून आणी, त्यांतल्या पट्ट्या कापून तारखेनुसार लावी. १९९८ मध्ये हा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला तेव्हा त्याचे वजन पंचाहत्तर टन भरले आणि तो वाहून न्यायला सहा मोठे ट्रेलर लागले. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांची आज जी पुनर्मुद्रणे निघतात त्यांतली कितीतरी अशा हौशी माणसांच्या कात्रणांवर उभी आहेत.

इथेही कात्रीच आहे, हे लक्षात घ्या. मात्र एक कात्री पान भरायला चालते आणि दुसरी तारीख राखायला.

आपल्याकडे ब्लॅकबिअर्ड झाला नाही. आपल्याकडे आहे तो रद्दीवाला, आणि त्याच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण विकणारे आपणच. आमच्या घरची एक ट्रंकभर कॉमिक्स दादा बारावीला असताना किलोवर गेली. ‘अभ्यासात अडथळा’ हे कारण होते. दादाला गणितात मिळायचे तेवढेच गुण मिळाले. पुढे निवृत्तीनंतर मी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊ लागले. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी कुलपे, फुटके रेडिओ, घड्याळांची पोटे यांच्यामध्ये कुठेतरी मासिकांचा ढीग असतो, आणि त्या ढिगात हात घालताना धूळ, कसर आणि कधीकधी कसरीहून मोठे प्राणी यांची तयारी ठेवावी लागते. मराठी अंक इंग्रजीपेक्षा दुर्मीळ, कारण इंग्रजी अंक सांभाळण्याजोगा समजला जाई आणि मराठी अंक हातोहात फिरून फाटे. मिळतो तो बहुधा मुखपृष्ठाविना, पिना गंजून कागदाला तांबूस भोके पडलेला, आणि पहिल्या पानावर कोणातरी शाळकरी मुलाचे नाव, इयत्ता व तुकडी असा. आम्ही गंजलेल्या पिना काढून सुती दोऱ्याने टाके घालतो, आणि डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळला पाला ठेवतो. चिकटपट्टीला आमच्याकडे सक्त बंदी आहे. पाच-दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि निघते तेव्हा अक्षरे घेऊन निघते.

प्रेमाने वाचणे म्हणजे डोळे मिटून वाचणे नव्हे, म्हणून एक गोष्ट इथे लिहिणे भाग आहे. एक गोरा माणूस चारशे वर्षे जंगलात सिंहासनावर बसून न्याय करतो आणि जंगलचे लोक भाबडेपणाने त्याला अमर मानतात, ही कल्पना आज वाचताना टोचते, आणि टोचायलाच हवी. फॉकला ती काळाबरोबर थोडी टोचू लागली असावी असे पट्टीतून दिसते: साठच्या दशकात त्याने आपल्या काल्पनिक देशात निवडणूक घडवली, डॉक्टर लुआगा हा सुशिक्षित आफ्रिकन अध्यक्ष आणला, जनरल बाबाबू हा हुकूमशहा त्याच्यासमोर उभा केला, आणि वेताळाला राजापेक्षा मित्राच्या भूमिकेत नेले. आमच्या प्राध्यापकांना हे पुरेसे वाटत नाही, मला अर्धेमुर्धे वाटते. पण १९३६ पासून पुढे क्रमाने वाचले तर एका लेखकाचे जग कसे हळूहळू सरकते हे दिसते, आणि हे क्रम विस्कटलेल्या ‘इंद्रजाल’मध्ये कधी दिसले नसते, कारण तिथे मॅकॉयच्या जुन्या कथेशेजारी बॅरीची नवी कथा निमूटपणे बसलेली असे. वेताळाची प्रेयसी डायना, तिचेही तसेच. ती पहिल्या कथेपासून पट्टीत आहे आणि लग्न झाले १९७७ च्या अखेरीस सुरू झालेल्या कथेत. चाळीस वर्षांहून अधिक काळ थांबलेली ही नवरी आमच्या अंकांत या महिन्यात विवाहित आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कुमारिका असे.

वेताळाचे असे वेडे आपणच आहोत असेही नाही. ऑस्ट्रेलियात ‘फ्रू’ नावाची प्रकाशनसंस्था १९४८ पासून त्याचे अंक काढते आहे. स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचे नियतकालिक आहे आणि तिथल्या लेखक-चित्रकारांनी स्वतःच्या नव्या कथा रचल्या. स्वीडिश वेताळाचा पोशाख निळा, इटलीचा लाल, मूळचा जांभळा. ज्या छापखान्याला जो रंग योग्य वाटला तो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात तर वाहगी लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवला, कारण जो मरत नाही त्याच्यापेक्षा ढालीवर चढवायला योग्य कोण?

आता माझ्या मूर्खपणाची हकिगत. मोठ्या कष्टाने जमवलेले एकोणीस मराठी अंक मी चार वर्षांपूर्वी एका बाइंडरकडे एकत्र बांधायला दिले. आयुष्यभर छापखान्यात काढलेल्या बाईने ‘कडा मारू नका’ हे तीन शब्द सांगायला हवे होते. मी ते गृहीत धरले. त्याने मोठ्या निगुतीने, कापडी कणा आणि सोनेरी अक्षरे घालून खंड परत दिला, आणि त्यापूर्वी सगळे अंक एकसारखे दिसावेत म्हणून तिन्ही बाजूंनी मशीनवर सरळ कापून घेतले. तळाचे पान क्रमांक गेले. उजव्या कडेच्या फुग्यांतली शेवटची अक्षरे गेली. एका पानावर वेताळ म्हणतो, ‘तुझ्या वडिलांना मी ओळखत हो’, आणि ‘तो’ कुठल्यातरी पोत्यात गेला.

बाइंडरला बोलण्यात अर्थ नव्हता. त्याच्या धंद्यात कडा मारणे हेच चांगले काम. बैठकीत खंड दाखवला तेव्हा कोणी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात काका त्यांच्याकडचे त्याच क्रमांकांचे सहा अंक पिशवीत घालून आले, प्राध्यापकांनी चार आणले, आणि तेव्हापासून बैठकीचा शेवटचा अर्धा तास या खंडासाठी राखून ठेवला आहे. बटर पेपरच्या करंगळीएवढ्या पट्ट्या कापायच्या, त्या माझ्या पानाच्या कडेला खळीच्या एका ठिपक्याने टेकवायच्या, आणि काकांच्या अंकात पाहून गेलेली अक्षरे बारीक शिसपेन्सिलीने लिहायची. मी वाचते, धाकटा लिहितो, कारण त्याचे अक्षर चांगले आहे. एकोणिसांपैकी अकरा अंक झाले आहेत. बारावा कोणाकडेच नाही. त्याच्या सतराव्या पानावर तळाशी एका खलाशाचे वाक्य ‘बेटावर रात्री कोणी’ इथे तुटते, आणि पुढच्या रविवारी जुन्या बाजारात मी तोच अंक शोधणार आहे.